बोरदऱ्यासाठी राखलेला डेरा

शंभर माणसांना सरबत किती लागतं असं कुणी विचारलं, की मी उलट विचारतो, माणसं चालत येणार का बैलगाडीत? विचारणारा चिडतो. त्याला वाटतं, म्हातारा फाटे फोडतोय. पण चालत आलेला माणूस दोन आबखोरे पितो आणि गाडीतून आलेला तीन. उलटं वाटतं ना? अहो, चालणारा वाटेत प्रत्येक विहिरीवर पिऊन येतो. गाडीतला धूळ खात, ‘आता पोचलोच की’ म्हणत कोरडाठाक येतो आणि उतरल्या उतरल्या सरबताच्या मातीच्या डेऱ्यावर पडतो.

आबखोरा म्हणजे मातीचा बिनकानाचा पेला. पिऊन झालं की तिथंच फोडायचा, उष्टा दुसऱ्याला चालत नाही. खापऱ्यांचा ढीग बघितला की किती माणसं पिऊन गेली ते कळतं. माझे गुरू म्हणायचे, पहिला आबखोरा तहानेचा, दुसरा चवीचा आणि तिसरा फुकटचा. पहिल्या दोहोंचा अंदाज कुणीही करील. तिसऱ्याचा करील तो कारागीर. त्यात पुन्हा बायकांचं ‘नको’ हे नको धरायचं नसतं, ते ‘अजून थोडा आग्रह करा’ असं धरायचं. आणि दर दहा आबखोऱ्यांमागे एक सांडायचा धरायचा. माणूस पितो तिथं सांडतंच. कुणाचा हात कापतो, कुणाचं पोर ओढतं, कुणी पिता पिता बोलतो. न सांडता पिणारी पंगत मी सबंध आयुष्यात एकदाच बघितली. म्हणजे बघितली असं म्हणता येत नाही. तेच आज सांगायचं आहे.

मी जातीचा कोळी. धारूरला पाणी भरायचं काम आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आमच्या हातचं पाणी बहुतेकांना चालायचं, म्हणून लग्नाकार्यात सरबताचं कामही आमच्याकडंच यायचं. गावकुसाबाहेरच्या लोकांना मात्र वेगळ्या झाडाखाली, वरून ओतून द्यायचो. तेव्हा तशी रीत होती आणि ती मीही पाळली, हे लपवत नाही. पुढं हैदराबादेत एका अमीराच्या आबदारखान्यात आठ महिने काढले. आबदारखाना म्हणजे मोठ्या घरात पाण्याची, सरबताची वेगळी व्यवस्था असते ती. तिथं लागलो तेव्हापासून आमच्या मुलखात ‘आबदार’ हेच माझं नाव पडलं. मला ते आवडायचं. आता कुणी तसं हाक मारत नाही.

या धंद्यात सरळ बोलायची सोय नाही. ‘सरबत संपलं’ म्हणणं अशुभ. मंगलकार्यात काही संपत नाही, ते ‘वाढतं’. कुंकू वाढतं, बांगडी वाढते, दिवा वाढवतात. तसं सरबतही वाढतं. एका पाटलाच्या घरी हैदराबादचा नवा पेशकार, म्हणजे सरकारी अंमलदार, जेवायला आला होता. माझा माणूस माझ्या कानाशी लागला, “सरबत वाढलं.” पेशकाराला मराठी अर्धीमुर्धी येत होती. तो खूश होऊन म्हणाला, “वाढलं? बहोत अच्छा. मग आमच्या शिपायांनाबी बसवा.” वीस शिपाई येऊन बसले. मी विहिरीच्या गार पाण्यात चौदा लिंबं पिळली, मीठ जरा सढळ टाकलं आणि छाती ठोकून ‘हैदराबादी शिकंजी’ म्हणून वाढलं. पेशकारानं मिशा पुसत सांगितलं, असं हैदराबादेतही मिळत नाही. ते अगदी खरं होतं. त्या दिवशी एका शब्दानं झालेली चूक लिंबावर निभावली. दुसऱ्या एका शब्दाची निभावली नाही.

तो शब्द होता ‘चूलबंद’. जुन्या लोकांना सांगायला नको, पण नव्यांसाठी सांगतो. आवतनाचे दोन प्रकार. एक माणशी, म्हणजे घरातल्या कर्त्यानं एकट्यानं यायचं. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूलच पेटवू नका, म्हातारंकोतारं, पोरंबाळं सगळी उचलून आमच्याकडं या. त्यामुळं आम्हाला माणसं मोजायची गरज नसते. आवतन द्यायला गेलेल्या न्हाव्याला धरायचं, गावोगावच्या चुली विचारायच्या, माणशी गावाला चुलीमागं एक धरायचा, चूलबंद गावाला चुलीमागं पाच. मी हे कोळशानं भिंतीवर मांडायचो. चुलीला एक रेघ.

आता माझ्या बहिणीचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गोदा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. आईबाप नव्हते, तिला मीच वाढवली आणि बालाघाटाच्या एका घळीत बोरदरा म्हणून नऊ घरांची वाडी होती, तिथं दिली. लग्नानंतरच्या दुसऱ्या पंचमीला मी तिला आणायला गेलो. पंचमीला लेक माहेरी यायची, ही आमच्याकडची जनरीत. तिची सासू दारात उभी राहून म्हणाली, “कामाचं दिस हायती. फुडल्या साली न्या, पावणं.” झालं, माझं डोकं फिरलं. मी सगळ्या वाडीदेखत बोललो, “या उंबऱ्याला परत पाय लावला तर कोळ्याचा न्हवं.” गोदा आत तांब्या घेऊन उभी होती. तिनं मला पाणी द्यायला आणलं होतं. मी ते न पिता निघालो आणि तसाच पुढं हैदराबादेला गेलो.

त्याच सालात मानमोडीच्या तापाची साथ आली. हैदराबादेत मी प्रेतं गाड्यांत भरून नेताना बघितली. पण बोरदऱ्याची काळजी मी केली नाही. डोंगरातल्या नऊ घरांत कसली येते साथ, असं मनाला सांगत राहिलो. खरं म्हणजे कुणाला विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही.

उन्हाळा लागता नेकनूरच्या अलीकडच्या एका गावच्या देशमुखांचा सांगावा आला. थोरल्या मुलीचं लग्न, सरबताचं सगळं काम आबदारानंच करायचं. मी हैदराबादेहून थेट तिथंच उतरलो, धारूरला गेलोच नाही. लग्नाच्या चार दिवस आधी सखा न्हाव्याला समोर बसवला. त्यानंच आवतनं दिली होती. सखा वयस्कर, कमी बोलणारा, सारखी तंबाखू मळणारा माणूस.

मी गाव विचारायचो, तो सांगायचा. हे माणशी, ते चूलबंद. बरीच गावं झाल्यावर मी उगाच भिंतीकडं बघत विचारलं, “अन् बोरदरा?” बोरदऱ्याचे लोक देशमुखांचीच जमीन कसायचे, तेव्हा त्यांना आवतन असणारच हे मला माहीत होतं.

सख्याची मळणारी बोटं थांबली. “बोरदरा व्हय? ती समदी वाडीच चूलबंद, बाबा,” असं म्हणून तो उठला आणि थुंकायला बाहेर गेला.

मी नऊ रेघा ओढल्या. इतक्या आनंदानं कधी ओढल्या नव्हत्या. वाडी चूलबंद म्हणजे गोदा येणार. उंबऱ्याला पाय न लावता बहीण भेटणार, माझा शब्दही राहणार. नऊ पंचे पंचेचाळीस. त्यांच्यासाठी मी वेगळा एक डेरा धरला, त्यात कैरीचं पन्हं. गोदाला सरबतापेक्षा पन्हं आवडायचं, गूळ कमी आणि वेलदोडा जास्त. कुंभाराकडून आलेले पंचेचाळीस कोरे आबखोरे मोजून गवतावर पालथे रचले. मांडवापासून लांब एक चिंच होती, तिच्या सावलीत ओल्या वाळूत डेरा बसवला, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि वर पाणक्याची गाठ मारली. ही गाठ आमच्या घरातली, दुसऱ्याला सोडता येते पण परत तशी मारता येत नाही.

लग्नाचा दिवस उजाडला तो भट्टीसारखा. गाड्यांवर गाड्या येत होत्या. प्रत्येक गाडी आली की मी मान वर करायचो. कुठून आली विचारायचो. बोरदऱ्याची एकही नव्हती. मुहूर्त बाराचा. अकराच्या सुमारास देशमुखांचे कारभारी घाम पुसत आले. हे लातूरकडचे, नुकतेच नोकरीला लागलेले.

“आबदार, मधल्या मांडवातलं वाढत आलं. तो चिंचेखालचा डेरा उघडा.”

“तो बोरदऱ्याचा हाय, साहेब. माणसं यायचीत अजून.”

“कधी येणार? मुहूर्तानंतर?”

“येतील. माझी बहीण हाय त्यात.”

ते चडफडत मांडवाकडं गेले. मी लिंबं पिळून तात्पुरतं भागवलं. डेऱ्याला हात लावू दिला नाही.

मुहूर्ताला सगळा गाव मांडवात लोटला. मी चिंचेपासून दहा हातांवर, तिच्याकडं पाठ करून, उकडलेल्या कैऱ्या सोलत बसलो होतो. भर बाराची वेळ. पायाखाली सावली नव्हती. मांडवात मंगलाष्टकं चालली होती, पण ती फार लांबून येत असल्यासारखी वाटायला लागली. चिंचेवरचे कावळे गप्प झाले. आणि पाठीमागून मला पाणी पिण्याचा आवाज आला.

एक माणूस पाणी पितो त्याचा आवाज कुणाला येत नाही. चाळीसपन्नास माणसं एकदम पितात तेव्हा येतो. घशातून घोट उतरण्याचा, दमादमानं, एकामागून एक. माझं आयुष्य त्या आवाजात गेलंय, मला तो झोपेतही ओळखू येईल. पण हे पिणं वेगळं होतं. पंगतीत माणसं पिताना बोलतात, खाकरतात, ‘आणखी घाल’ म्हणतात. इथं शब्द नव्हता. नुसती तहान होती. एवढ्या तहानेनं पिताना मी कुणाला ऐकलं नव्हतं.

मला आनंदच झाला हो. म्हटलं, आली बोरदऱ्याची माणसं, मुहूर्ताच्या गडबडीत आली, आणि थकून न बोलता प्यायला बसली. वाढायला कुणी नाही, आपणच घेतायत. मी हात पुसत उठलो, वळलो. “गोदे,” अशी हाकही मारली.

चिंचेखाली कुणी नव्हतं.

डेरा होता तसा होता. फडकं बांधलेलं. गाठ माझीच, पाणक्याची. आबखोरे गवतावर पालथे, रचले तसेच. मला वाटलं, उन्हानं कान वाजले. पण नाकाला वास आला. कोऱ्या मातीच्या भांड्यात पहिल्यांदा पाणी पडलं की जो वास सुटतो तो. मी वरचा आबखोरा उचलला. आतून ओला. दुसरा ओला. मी खाली बसून एकेक उचलत गेलो. सगळे गार, काळपट, नुकतेच प्यालेले. ओले चव्वेचाळीस भरले. पंचेचाळिसावा कोरा होता, कुंभाराकडून आला तसा.

गाठ सोडून डेऱ्यात बघितलं. तळाला पन्हं उरलं होतं, एका माणसाच्या वाटणीचं. जमिनीवर एक थेंब सांडलेला नव्हता. गुळाचं पन्हं, आणि एक माशी नाही, एक मुंगी नाही. मांडवात ताशे वाजायला लागले आणि मला हुडहुडी भरली. वैशाखात, भर दुपारी, माझे दात वाजत होते.

मी तसाच जाऊन सखा न्हाव्याला गाठला. त्याला बाजूला ओढून विचारलं, “सखाबा, बोरदऱ्याला तू आवतन कुणाला दिलंस?”

“आवतन? तिथं कुणाला देऊ?”

“तू चूलबंद म्हणालास.”

“व्हय. चुली बंद पडल्या म्हणालो. कार्तिकापासनं धूर न्हाई त्या घळीत. मानमोडीनं समदी गेली. जी पळाली ती वाटंत पडली.” मग त्याच्या ध्यानात आलं. तंबाखू त्याच्या हातातून गळाली. “अन् तुला ठावं न्हवतं? तू कुठं गेलतास बाबा?”

मी हैदराबादेला गेलतो. अमीराच्या पाहुण्यांना मी वाळ्याचं सरबत पाजत होतो.

त्या दिवशी मी काम पुरं केलं. कसं केलं आठवत नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, तो एक कोरा आबखोरा. चव्वेचाळीस जण प्याले आणि एक जण प्याला नाही. जे गेले ते पिऊन गेले असतील, तर जो प्याला नाही तो जिवंत आहे. शहाणी माणसं हसतील या हिशेबाला. हसा. मी रात्रभर तोच हिशेब करत होतो आणि दर वेळी उत्तर गोदा येत होतं. तरणीताठी पोर, तीच वाचली असणार.

सकाळी तळातलं पन्हं तांब्यात घेतलं, कोरा आबखोरा धोतराच्या सोग्यात बांधला आणि निघालो. उभा घाट चढून बोरदऱ्याच्या घळीत उतरलो तेव्हा पुन्हा दुपारच झाली होती. वाडीवर धूर नव्हता. छपरं खचलेली, एका घराच्या दारातून बोरीचं झाड बाहेर आलेलं. कुत्रंही भुंकलं नाही. पण नऊच्या नऊ दारांपुढं सडा टाकलेला होता. ताजा, ओला. एवढ्या उन्हात तो अर्ध्या घटकेचाही नसणार.

मी पुन्हा हाक मारली, “गोदे.”

शेवटच्या घराआडून कमरेवर घागर घेतलेली म्हातारी आली. गोदाची सासू. अंगावर धडुतं, डोळे आत गेलेले. तिनं मला ओळखलं आणि घागर खाली ठेवली.

“आलाव का, पावणं,” ती म्हणाली. “बसा.”

मी त्या उंबऱ्यावर बसलो. शब्दबिब्द कुठं गेला कुणास ठाऊक. ती वरच्या माळावर धनगरांच्या वाड्याजवळ राहत होती, ते भाकरी देत. रोज एकदा उतरून ती सगळ्या दारांपुढं पाणी टाकून जायची.

“समदी एकदम पडली बगा,” ती सांगायला लागली. “मी एकटीच उबी. नऊ घरं अन् घागर एक. आड खाली दरीत. ह्या घरी पाजावं तवर त्या घरातनं पानी पानी. त्या घरी जावं तवर हितला आवाज बंद. म्हातारं माणूस मी, किती खेपा घालनार?”

“अन् गोदा?”

“गोदा लई दिस टिकली. म्हनायची, आत्याबाई, आदी त्या लेकरांच्या घरी जावा, मला मागनं द्या. दर खेपंला तेच. मागनं द्या. एकदा मागनं आले…” तिनं हात हवेत फिरवला.

मी खाली बघत विचारलं, “माझं नाव काढलं का तिनं?”

“खोटं कावून बोलू? न्हाई. ताप लई व्हता. पानी म्हनायची निस्तं.”

मी सबंध तालुक्याच्या तहानेचा अंदाज करणारा माणूस. कुठल्या गावचा माणूस किती पितो हे मला तोंडपाठ. आणि माझी बहीण एका घोटासाठी रांगेत सगळ्यात मागं उभी राहून गेली. आदल्या दिवशी त्या चव्वेचाळिसांत तीही होती. माझ्या पाठीमागं दहा हातांवर ती पन्हं पीत होती, बहुतेक सगळ्यांच्या मागनं, आणि मी कैऱ्या सोलत बसलो होतो. लवकर वळलो असतो तर दिसली असती का, हे मी अजून स्वतःला विचारतो.

दुसरं काही सुचेना म्हणून सोगा सोडला, आबखोरा काढला, तांब्यातलं पन्हं त्यात ओतलं आणि म्हातारीपुढं धरला. माझा तिच्यावर राग होता. तो कुठं शोधू, सापडेना.

तिनं दोन्ही हातांनी आबखोरा घेतला, पण प्याली नाही. पन्ह्याकडं बघत राहिली.

“देशमुखाकडं काल लगीन व्हतं म्हनं. धनगर सांगत हुते.”

“व्हय.”

“आमच्या वाडीचं कुनी आलतं का?”

मी तिच्याकडं बघितलं. ती वेडी नव्हती. नीट, जाणून विचारत होती.

“आलती, मावशी.”

“समदी?”

“चव्वेचाळीस.”

तिचे ओठ हलले. ती घराघरानं मोजत होती. शेवटच्या घराशी येऊन थांबली आणि मान हलवली, बरोबर म्हणून.

“पुरलं का समद्यांना?”

“पुरलं, मावशी. समद्यांना पुरलं.”

तेव्हा कुठं तिनं आबखोरा तोंडाला लावला.